प्रश्न सुजयला विचारला होता

माझ्या नवऱ्याच्या काउन्सेलिंगमध्ये सगळं बोलणं माझ्या सासऱ्यांनीच केलं. सुजय शेजारच्या खुर्चीवर बसलेला असायचा, पलीकडे मी. सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, नाहीतर त्याही आल्या असत्या. आमच्याकडे डॉक्टरकडे एकट्याने जायची पद्धतच नाही. साधी दाढ दुखली तरी घरातलं मोठं माणूस बरोबर आत जातं आणि ज्याची दाढ त्याने तोंड उघडायच्या आत सगळी कहाणी सांगून मोकळं होतं. आबासाहेबांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. चार लोकांसमोर घरातल्या कर्त्यानेच बोलायचं आणि बाकीच्यांनी माना हलवायच्या, हे आमच्या घरात तेव्हापासून चालत आलंय.

काउन्सेलर शिखा मॅडम वयाने लहान, बोलायला गोड. त्या विचारायच्या, "सुजयजी, नींद कैसी है?"

"पहले से अच्छी है," आबासाहेब सांगायचे.

"खाना?"

"खाता है. थोडा कम, लेकिन खाता है."

"और मन में क्या चलता रहता है, सुजयजी?"

"मन में क्या चलेगा मॅडम, इसकी तो कोई गलती थी ही नहीं. इन्क्वायरी में सब साफ हो गया."

सुजय मान हलवायचा. मॅडम बिचाऱ्या पांढऱ्या मिशांपुढे काय बोलणार? श्वास कसा घ्यायचा, सकाळी फिरायला कसं जायचं ते सांगायच्या. परत येताना गाडीत आबासाहेब म्हणायचे, "बघा, किती फरक पडला." मी आरशात सुजयकडे बघायचे. तो खिडकीबाहेर बघत असायचा. खिडकी बंद असली तरी तिकडेच.

इन्क्वायरी कसली, ते सांगते. सुजय इंदूरला सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज आहे. आहे म्हणायचं, कारण नोकरी अजून सुटलेली नाही. पत्रा दाबून त्याचे सुटे भाग काढायच्या प्रेस आहेत तिथे. दोन बाजूंची दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे माणसाचा हात आत राहूच शकत नाही. पण एक बटण तारेने बांधून ठेवलं, की एक हात पत्रा सरकवायला मोकळा होतो आणि माल भराभर निघतो. हे करायचं नसतं. घाई असली की लोक करतात.

दसऱ्याला आमच्याकडे तलवारीची पूजा होते आणि कारखान्यात मशीनची. त्या दिवशी मशीन चालवत नाहीत. हार घालायचा, नारळ फोडायचा, पेढे वाटायचे. दुसऱ्या दिवशी राहिलेला सगळा माल द्यायचा होता. प्रेसवरचा झेंडूचा हार तसाच होता आणि मशीनवर हरी होता. सांवेरच्या पुढच्या खेड्यातला मुलगा, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. प्रेसचं उजवं बटण बांधलेलं होतं. हरीचा उजवा हात मनगटापासून गेला.

बटण हरीनेच बांधलं, असं इन्क्वायरीत निघालं. त्याचा हात गेला, कामही गेलं आणि वर दोषही त्याच्याच माथी आला. सुजय सुटला. त्या दिवशी आबासाहेबांनी खजराण्याच्या गणपतीला जाऊन लाडू चढवले, आणि मीही हात जोडले. मला वाटलं, संपलं एकदाचं.

तेव्हाच सुरू झालं. सुजय डाव्या हाताने जेवायला लागला.

पहिल्या दिवशी सासूबाई ओरडल्या, "अरे, हे काय भलतंच? अन्नाला डावा हात?" त्याने ताट बाजूला सारलं आणि उठून गेला. मग कोणी काही बोलेना. तो दात डाव्या हाताने घासायचा, दार डाव्या हाताने उघडायचा, शर्टाची बटणं डाव्या हाताने लावताना घामाघूम व्हायचा. उजवा हात मांडीवर पडलेला असायचा, कोणी सांभाळायला दिल्यासारखा. शिखा मॅडमनी एकदा विचारलंसुद्धा. आबासाहेब चटकन म्हणाले, "कंधा जरा अकड गया है."

पुढे कामावर जाणं थांबलं. अंघोळीला दहादा सांगावं लागायचं. वजन इतकं उतरलं की लग्नातली अंगठी घसरून पडली, ती मी देव्हाऱ्यात ठेवली. मी शाळेत मुलांना गणित शिकवते. फळ्याकडे तोंड करून उभी असले की एकच विचार यायचा, आत्ता घरी काय चाललं असेल. फोन वाजला की खडू टाकून धावायचे आणि नाही वाजला तर दर दहा मिनिटांनी काढून बघायचे. एका दुपारी बैठकीतल्या भिंतीवरची तलवार मी उतरवली, चादरीत गुंडाळली आणि माहेरी नेऊन ठेवली. पूजेशिवाय त्या तलवारीला हात लावायची कोणाची छाती नाही. संध्याकाळी आबासाहेबांनी रिकाम्या खुंट्या बघितल्या. मी भांडायला पदर खोचून तयार होते. ते तिथेच भिंतीकडे बघत उभे राहिले आणि मग देवळात निघून गेले.

होळीच्या आधीच्या भेटीत शिखा मॅडमनी धीर केला. त्यांनी आबासाहेबांना पाणी दिलं आणि म्हणाल्या, "अंकल, मैं सच बोलूँ? काउन्सेलिंग में हम रोज की दिक्कत पर काम करते हैं. नींद, काम, घर का तनाव. कुछ महीने का साथ होता है. सुजयजी को इससे ज्यादा चाहिए. सायकोथेरपी. उसमें जड तक जाना पडता है, टाइम लगता है, और वो इनको अकेले करनी होगी. शुरू में तकलीफ बढ भी सकती है. दवाई के लिए डॉक्टर अलग से देखेंगे."

"अकेले का मतलब?"

"मतलब कमरे में सिर्फ ये. और कोई नहीं."

आबासाहेब उठले. त्यांनी नमस्कार केला आणि जिना उतरायला लागले.

घरी त्या दिवशी आमचं पहिल्यांदा भांडण झालं. सासऱ्यांशी वाद घालायची आमच्याकडे रीत नाही. मी घातला.

"काउन्सेलिंग ठीक आहे," ते म्हणाले. "ते तर आजकल कॉलेजच्या ॲडमिशनला पण करतात. कोणी विचारलं तर सांगता येतं. थेरपी म्हणजे काय ते मला माहीत आहे, सूनबाई. आज थेरपी, उद्या बाणगंगा."

इंदूरमध्ये बाणगंगा म्हटलं की वेड्यांचं इस्पितळ, हे पोरासोरांनाही माहीत आहे.

"आबासाहेब, हे वेडे नाहीत. आजारी आहेत. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, त्यांच्याच्याने होत नाही म्हणून."

"कसं आहे ना, ती पोरगी नवीन आहे. दुसरा काउन्सेलर बघू. चांगला, वयस्कर. अपन सगळे जाऊ."

"सगळे जाऊन काय झालं आत्तापर्यंत? ह्यांनी तोंड तरी उघडलं का?"

"त्याला बोलायची गरज काय?" त्यांचा आवाज चढला. "मी आहे ना बोलायला! त्याची चूक नाही, हे त्याच्या डोक्यात बसलं की झालं. आपण सगळ्यांनी तेच तेच सांगत राहायचं."

सुजय तिथेच पाटावर बसला होता. डाव्या हाताने वरणभात कालवत होता. त्याने आमच्याकडे बघितलंही नाही. मी इतकी चिडले होते की स्वयंपाकघरात जाऊन नुसती भांडी आपटली. म्हाताऱ्याला लोक काय म्हणतील याची पडलीय, मुलाची नाही, असं माझ्या मनात आलं. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

रंगपंचमीला सुजय घरातून नाहीसा झाला.

आम्ही रामबागेत राहतो. राजवाड्यावरून निघणाऱ्या गेरचा, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीचा, आवाज सकाळपासून घरात येत होता. मी खोलीत चहा घेऊन गेले तर पलंग रिकामा, फोन उशीवर, चपला नाहीत.

"खाली गेला असेल," आबासाहेब म्हणाले. "गेर बघायला."

"जो माणूस गॅलरीत येत नाही तो गेर बघायला जाईल?"

मी तशीच बाहेर पडले. ज्याने रंगपंचमीचं इंदूर बघितलंय त्याला मी काय सांगते ते कळेल. रस्ते बंद, जिकडेतिकडे बांबू ठोकलेले. टँकरमधून रंगाचे फवारे तिसऱ्या मजल्यापर्यंत उडत होते आणि खाली माणसात माणूस दिसत नव्हता. सगळ्यांची तोंडं एकाच रंगाची. त्यातून मी माझा नवरा शोधत होते. "सुजय" म्हणून ओरडत होते आणि ढोलापुढे माझं मलाच ऐकू येत नव्हतं. कोणीतरी माझ्या तोंडाला गुलाल फासला. "भाभी, बुरा मत मानो, आज तो सबको लगेगा!" मी रडत होते. सगळेच ओलेचिंब होते, कोणाला कळणार? एका पोलिसाला मी सांगितलं, माझा नवरा हरवलाय. तो हसून म्हणाला, "आज तो आधे शहर के पति गुम हैं, मॅडम. शाम तक आ जाएँगे." त्याची काही चूक नव्हती. मला मात्र तिथेच खाली बसावंसं वाटलं. तेव्हा मी मनातल्या मनात देवाला म्हणाले, कसाही दे, पण दे.

फोन वाजला. कारखान्याचा वॉचमन बंडू होता. "भाभीजी, साब यहाँ गेट पे बैठे हैं. अंदर जाने दो बोल रहे. आज तो छुट्टी है, मैंने ताला नहीं खोला. आप आ जाओ, मेरेको कुछ ठीक नहीं लग रा."

कशी पोहोचले ते नीट आठवत नाही. चालले, मग एका ओळखीच्या मुलाच्या मोटारसायकलवर बसले. सांवेर रोडवर सगळं बंद, सुनसान. कारखान्याच्या फाटकाला टेकून सुजय जमिनीवर बसला होता. सगळं इंदूर रंगलं होतं आणि हा एकटा कोरा होता. त्याला कोणी चिमूटभरही रंग लावला नव्हता.

मी त्याच्या शेजारी बसले. श्वास लागला होता.

"आत कशाला जायचं होतं, सुजय?"

"मशीनपाशी."

"मशीनपाशी काय?"

तो मांडीवरच्या उजव्या हाताकडे बघत राहिला. "त्याचा गेला," तो म्हणाला. "माझा आहे."

मी तो हात धरला. गार होता. बंडूने कुलूप उघडलं असतं तर काय झालं असतं, ते मला कळलं. मी हात सोडला नाही.

"तुझी काय चूक, सांग ना," मी म्हणाले. सवयीने तोंडातून गेलं ते. "इन्क्वायरीत..."

"नको म्हणूस!" तो ओरडला. इतक्या महिन्यांत त्याचा आवाज असा ऐकला नव्हता. "आबा म्हणतात, आई म्हणते, तू म्हणतेस. तुम्ही ते म्हणता ना, तेव्हा मला श्वास घेता येत नाही, मधू."

त्यानंतर घरी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. पण मला हवं ते कळलं होतं. श्वास कसा घ्यायचा हे शिकवून ह्याचं भागणार नव्हतं. ह्याच्या छातीवर आम्हीच चढून बसलो होतो.

मी घरी आबासाहेबांना विचारलं नाही, सांगितलं. "मी शिखा मॅडमकडून थेरपिस्टचा नंबर घेतलाय. ह्यांना घेऊन जाणार आहे. बाणगंगा म्हणा, काही म्हणा."

माझ्या तोंडावर अजून गुलाल होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सुजयकडे. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

"मी येणार बरोबर," ते म्हणाले.

"या. पण दाराबाहेर."

अरविंद सरांचं क्लिनिक जुन्या पलासियात एका बंगल्याच्या मागच्या बाजूला आहे. पुढे व्हरांडा, दोन बाकं, कुंड्या. सर पन्नाशीचे, मराठी, आवाज हळू. त्यांनी व्हरांड्यातच नमस्कार केला आणि विचारलं, "सुजय, यायला त्रास नाही ना झाला?"

"नाही नाही, जवळच आहे," आबासाहेब म्हणाले.

"मी सुजयना विचारलं होतं," सर म्हणाले. चिडून नाही, सहज. आणि थांबले. आम्ही सगळेच थांबलो. सुजय काही बोलला नाही. सरांनी मान डोलावली, जसं काही उत्तर मिळालंच, आणि दार उघडलं. सुजय आत गेला. आबासाहेबांनीही पाऊल उचललं.

"आत फक्त सुजय, काका."

"मी बाप आहे त्याचा."

"हो ना. तुम्ही बाहेर बसलाय हे त्यांना माहीत असलं की पुरे."

दार बंद झालं. आबासाहेब बाकाच्या टोकावर बसले, काठी गुडघ्यात धरून. मी दाराच्या बाजूला बसले, मुद्दामच. आतून काही ऐकू येत नव्हतं. पंखा फिरत होता. मला वाटायला लागलं, हेही फुकट जाणार. आतसुद्धा तो खिडकीकडेच बघत बसेल आणि सर नम्रपणे सांगतील की ह्यांना याहूनही जास्त काहीतरी लागेल. मग मी कुठे जाणार होते? याच्यापुढे मला काही माहीत नव्हतं.

मग रडणं ऐकू आलं. शब्द कळत नव्हते, नुसता आवाज. मोठ्या माणसाचं रडणं मी असं कधी ऐकलं नव्हतं. उलटी व्हावी तसं ते आतून येत होतं.

आबासाहेब ताडकन उठले. मी त्यांच्या आधी उठून दाराला पाठ लावून उभी राहिले.

"बाजूला व्हा, सूनबाई."

"नाही."

"तो रडतोय!"

"रडू द्या त्यांना."

"तुम्हाला कळत नाही." त्यांनी काठी दाराकडे केली. "तो सांगून टाकेल."

"काय सांगून टाकेल?"

त्यांनी व्हरांड्यात दुसरं कोणी नाही ना, ते बघितलं. मग इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं. "बटण त्याने बांधलं होतं. हरीने नाही. हरी नको म्हणत होता. त्याच दिवशी घरी आल्या आल्या माझ्या पाया पडून सांगितलं त्याने. मी म्हटलं, बस. मला सांगितलंस, संपलं. आता हे परत तोंडातून काढायचं नाही, बायकोसमोर पण नाही."

 इतके महिने मी या माणसाला घराण्याच्या अब्रूचा भुकेला समजत होते. प्रत्येक प्रश्नाला हा आधी का बोलायचा, ते आत्ता कळलं. सुजयच्या तोंडून दुसरं काही निघू नये म्हणून हा पहारा देत होता. मला भयंकर राग आला, त्यांचा आणि सुजयचाही. तिकडे सांवेरजवळ कुठेतरी एका हाताने जगणारा हरीही डोळ्यापुढे आला, त्याच्या माथी मारलेल्या दोषासकट. आणि तरीही मी दारातून हलले नाही.

"पुलिस आली तर?" आबासाहेब म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "हरीचं काय करायचं, ते अपन बघू, मी स्वतः जाईन, पाय धरीन त्याचे. पण याला घेऊन गेले तर? माझा एकुलता एक मुलगा आहे, मधुरिमा."

त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नव्हती.

"घेऊन गेले तर आपण भेटायला जाऊ," मी म्हणाले. "डबा घेऊन जाऊ. परवा त्यांना फाटकातून आत सोडलं असतं, तर कुठे गेलो असतो भेटायला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रिकाम्या खुंट्यांकडे बघितलं होतं, तसंच. मग ते मागे सरले आणि बाकावर बसले. रडणं चालूच होतं. म्हातारा दोन्ही हातांनी काठी घट्ट धरून ते ऐकत राहिला. उठला नाही.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. सुजयचे डोळे सुजले होते, शर्ट घामाने चिकटला होता. बरा झालेला माणूस असा दिसत नाही. सर त्याच्या मागे होते. माठाजवळचा पेला उचलून त्यांनी विचारलं, "सुजय, पाणी हवंय?"

आबासाहेबांचं तोंड उघडलं. मी बघितलं. ओठ हलले, शब्द जिभेवर आला होता. त्यांनी तो गिळला आणि तोंड मिटलं.

आम्ही तिघं थांबलो. पंखा फिरत होता. रस्त्यावरून एक भंगारवाला ओरडत गेला. सुजय जमिनीकडे बघत होता आणि मला वाटलं, तो बोलणार नाही.

"हो," सुजय म्हणाला. "हवंय."

सरांनी पेला पुढे केला. त्याने तो डाव्या हाताने घेतला.